माझ्या पाठीवरची माती

मी एक जुनी तुळई आहे. सागवानी, चौकोनी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवी पडलेली. मित्रांनो, माझी ओळख करून घ्यायची तर तुम्हाला आधी मान वर करावी लागेल, आणि तिथेच सगळं अडतं. माणसं खांबाला टेकतात, उंबऱ्याला नमस्कार करतात, भिंतीला रंग देतात. तुळईकडे मात्र ती बघतात वरून धूळ डोळ्यात पडली तरच.

चांदूर बाजारजवळच्या एका गावातल्या तालमीवर मी आहे. मेळघाटातून मला बैलगाडीवर आणलं, तासून चौकोनी केलं आणि अरुंद बाजू खाली, रुंद बाजू उभी अशी दोन जाड भिंतींवर ठेवलं. माझ्या दोन्ही बाजूंना आणखी तुळया आहेत, पण त्या भिंतींजवळ आहेत. मधली मी. त्यामुळे सगळ्यात जास्त काम माझ्या वाट्याला आलं आणि थोडी मिजासही.

पहिला भार अंगावर आला त्या दिवसापासून मला एका गोष्टीचं नवल वाटत आलं आहे. माझ्या पाठीकडे सतत दाटी झाल्यासारखी वाटते, जत्रेत माणसं एकमेकांना चेपतात तशी. पोटाकडे उलटं. तिथे कुणीतरी दोन्ही टोकांनी धरून मला ओढतं आहे असं वाटतं. आणि पाठ आणि पोट यांच्या बरोबर मध्ये एक पट्टा आहे, तिथे काहीच वाटत नाही. ना चेपणं, ना ओढणं. एकाच अंगात तीन तऱ्हा! सगळ्याच लाकडांचं असं असतं, की माझ्यातच काही खोट आहे? शेजारच्या तुळयांना विचारायची सोय नव्हती. हे कोडं मी कितीतरी वर्षं पोटात ठेवून होते.

आता माझ्या पाठीवर काय आहे ते सांगते. आमची तालीम धाब्याची आहे, म्हणजे तिचं छप्पर सपाट आणि मातीचं. तुळयांवर फळ्या, फळ्यांवर तुराट्या, त्यावर पळसाचा पाला, मग चिखल आणि सर्वांत वर पांढरी माती. आमच्या काळ्या मातीत कापूस उत्तम येतो, पण छपरावर ती उन्हानं भेगाळते. पांढरी माती मात्र दबून बसते आणि पाण्याला खाली येऊ देत नाही. पावसाच्या माऱ्यानं ती थोडी वाहून जाते, म्हणून दरवर्षी नवी घालावी लागते. मृगाच्या आधीच्या रविवारी गावातल्या प्रत्येक घरातून एक टोपली पांढरी माती तालमीवर येते. वाजतगाजत येते. मुंबई-पुण्याला नोकरीला गेलेली माणसंही त्या दिवशी घरच्यांना फोन करून विचारतात, "आपली टोपली गेली ना?" तालमीवर आपल्या घरची माती आहे, याचा अर्थ तालीम आपली आहे.

पण सुरुवातीला सगळ्याच घरांची माती येत नव्हती. गावाच्या कडेच्या वस्तीतून टोपली येत नसे, म्हणजे येऊ देत नसत. मग एका वर्षी बुधाजी नावाचा एक तरणा गडी डोक्यावर टोपली घेऊन आला. त्या वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन नुकतंच वर्ष होत आलं होतं. कुणी हात पुढे केला नाही, कुणी अडवलंही नाही. माणसं नुसती दुसरीकडे बघत राहिली. बुधाजी शिडी चढला, चालत बरोबर माझ्या मधोमध आला, माती ओतली आणि हातानं थापून बसवली. मग उभा राहून खाली बघत म्हणाला, "आता सांगजा मले, पानी गळलं तं कोनाच्या मातीतून गळलं."

खाली तालमीचे तेव्हाचे वस्ताद उभे होते. मग त्यांनी आपल्या घरची टोपली उचलली, वर आले आणि बुधाजीच्या मातीला लागूनच ओतली. पुढच्या वर्षापासून सगळ्या घरांची माती यायला लागली. त्या दिवशी माझ्या मध्यावर दोन टोपल्यांचं वजन वाढलं, एवढंच मला कळलं. त्या वजनाचा अर्थ कळायला मला फार वर्षं लागली.

त्या वस्तादांचा मुलगा खुशालराव. आपल्या वडिलांची टोपली वर जाताना तो खाली उभा राहून बघत होता, शिडी चढू देत नसत इतका लहान होता. पुढे तोच वस्ताद झाला. कुस्तीला मुलं कमी यायला लागली तेव्हा खुशालरावांनी दोरीचा मल्लखांब सुरू केला आणि मुलींनाही तालमीत घेतलं. यावर गाव चार दिवस कुजबुजलं आणि पाचव्या दिवशी आपापल्या मुली घेऊन आलं. दोर टांगायला माझ्या मधोमध आरपार भोक पाडून लोखंडी कडी बसवली. भोक पडलं ते पाठ आणि पोट यांच्या मध्ये, त्या मुक्या पट्ट्यात. ड्रिल तिथेच नीट लागत होतं म्हणून. मला काहीच दुखलं नाही, आणि नवलात आणखी भर पडली.

दोरावर सगळ्यात आधी सरसर चढली ती दीक्षा, बुधाजीची नात. आठ-नऊ वर्षांची असेल. माझ्याजवळ पोचली की ती हात लांब करून माझ्या पोटाला टिचकी मारायची आणि मग खाली उतरायची. मला ती टिचकी फार आवडायची. मोठी झाल्यावर ती अमरावतीला गेली, सिव्हिल इंजिनिअर झाली आणि तिथल्याच एका कॉलेजात शिकवायला लागली. टिचक्या बंद झाल्या.

ती माझी कौतुकाची वर्षं होती. पाहुणा आला की खुशालराव माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "सागवान हाये बाप्पा! लोखंड गंजते, हे नाई गंजत." मी फुगून जायची. तसं लाकूड पावसाळ्यातच फुगतं, पण तेव्हा उन्हाळ्यातही फुगल्यासारखं वाटायचं.

मग दुर्लक्षाचे दिवस आले. ते कधी आले हे कुणालाच कळत नाही, मलाही कळलं नाही. ट्यूबलाइटची तार बसवायला आलेल्या वायरमननं पटाशी घेतली आणि माझ्या पोटाला खालून एक खाच पाडली. बोटभरच खोल. भोकापेक्षा किती लहान! पण मित्रांनो, त्या दिवशी मला खरोखर कळ आली. एवढं मोठं भोक मुकाट सोसलं आणि एवढ्याशा खाचेनं जीव कळवळला. का? हे दुसरं कोडं.

पुढे एका वर्षी रंगाऱ्यानं माझ्यामागच्या भिंतीवर पट्टा मारायला सुतानं सरळ रेघ आखली, आणि माझं बिंग फुटलं. रेघ सरळ होती. मी नव्हते. मधोमध मी चांगली दोन बोटं खाली आले होते. खालून बघणाऱ्यांनी तोंडाला हात लावला. तालीम समितीची बैठक बसली. समितीचा सचिव नितेश तसा वाईट माणूस नाही. तालमीचं छप्पर गळलं तर सगळ्यात आधी शिडीवर तोच असतो. पण घाबरलेला माणूस समोर जे हलताना दिसतं त्याच्यावर बोट ठेवतो.

"पोरी त्या दोरावर उड्या मारते, झोके घेते. त्यानंच वाकली हे," नितेश म्हणाला. "उद्या कोनाच्या डोक्यावर पडली तं जबाबदार कोन? दोर काढा."

खुशालरावांनी मान खाली घातली. स्वतः लावलेला दोर त्यांनी स्वतः सोडला, गुंडाळला आणि खुंटीला अडकवला. तेव्हा दोरावर सगळ्यात तयार होती ती प्रणाली, दहावीतली मुलगी. राज्य स्पर्धेसाठी तिची निवड झालेली होती. सरावाला पंचक्रोशीत दुसरी जागा नव्हती. ती रोज संध्याकाळी यायची, खाली मॅटवर बसायची आणि माझ्या रिकाम्या कडीकडे बघत राहायची.

मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अगं, तू नाहीस! तू दोरावर आलीस की माझ्या पोटाला जराशी ओढ बसते आणि तू उतरलीस की ती निघून जाते. जे कधी उतरतच नाही ते वर आहे. पण लाकडाला बोलता येत नाही. फार तर करकरता येतं, आणि मी करकरले तर सगळे म्हणाले, "पाह्यलं? पोरींनी खिळखिळी करून ठेवली."

दोर निघाला म्हणून गाव निर्धास्त झालं. आता तुळईला आराम आहे, असं एकमेकांना सांगत मृगाच्या टोपल्यांची तयारी सुरू झाली. त्या वर्षी नितेशनं जाहीर केलं, तुळई वाकल्यानं छपरावर मधोमध खळगा पडला आहे, पाणी साचेल, म्हणून यंदा मधोमध माती जरा जास्त घालू!

प्रणालीनं दीक्षाला फोन केला, आणि पुढच्या शनिवारी सकाळी दीक्षा तालमीत हजर झाली. मी तिला आवाजावरून ओळखलं. तिनं शिडी लावली, वर आली, माझ्या पोटाला एक टिचकी मारली आणि टेपनं मला मोजायला लागली. लांबी, रुंदी, उंची. खाचेत बोट घालून तिनं नुसतं "अरे देवा" म्हटलं.

"ताई, खरंच माह्यानं वाकली का हे?" प्रणालीनं खालून विचारलं. हा प्रश्न ती किती दिवस गिळून बसली होती, ते तिच्या आवाजात होतं.

"थांब. आधी ते वाकते म्हनजे काय होते, ते पाहू."

दीक्षानं फाटक्या मॅटमधून विटेएवढा फोमचा तुकडा कापला. त्याच्या बाजूवर पेन्सिलीनं उभ्या रेघा मारल्या, सगळ्या सारख्या अंतरावर. त्याची दोन टोकं दोन विटांवर ठेवली आणि प्रणालीला म्हणाली, "मधात दाब. अन् रेघा पाह्य."

प्रणालीनं दाबलं. फोम खाली वाकला. वरच्या बाजूला रेघा जवळजवळ आल्या, खालच्या बाजूला एकमेकींपासून लांब गेल्या.

"वरचा भाग चेपून राहिला," दीक्षा म्हणाली. "खालचा तानून राहिला. अन् मधात?"

प्रणालीनं वाकून पाहिलं. "मधात तं काहीच नाई झालं. तेवढंच अंतर हाये."

"मधला थर ना दबते, ना तानते. त्याच्यापासून जेवढं वर जाशीन तेवढा दाब जास्त, जेवढं खाली येशीन तेवढा तान जास्त. सगळ्यात जास्त तान पार खालच्या कातडीवर."

प्रणाली हसली. "ताई, मी मांगं कमान टाकते तवा पोट तानते अन् पाठ दबते, तसंच हाये हे!"

"तेच हाये. लाकूड तुह्यावानीच वाकते."

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं हे कसं सांगू? जन्मभराचं कोडं एका फोमच्या तुकड्यानं सोडवलं. माझ्यात खोट नव्हती. माझी पाठ चेपली जात होती, पोट ताणलं जात होतं आणि मधला थर खरोखरच निवांत होता. जगातली प्रत्येक तुळई अशीच जगते. इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

दुसरं कोडंही तिनंच सोडवलं. कडीचं भोक दाखवून ती म्हणाली, "हे मधल्या थरात हाये, याचं काही नाई." मग खाचेवर बोट ठेवलं. "हे पोटात हाये. जिथं सगळ्यात जास्त तान, तिथंच लाकूड कापलं. हे लहान असून लय वाईट."

"आन् तान येते कशाचा?" प्रणालीनं विचारलं.

"तेच तं पाहाचं हाये," म्हणत दीक्षानं खुशालरावांना आणि नितेशला बोलावून घेतलं.

"वस्ताद, वर माती किती हाये?"

"असंन एखादी वीत," खुशालराव म्हणाले.

"कोनी मोजली?"

"मोजाले काय लागते? माह्या बापानं वीतभर घातली होती. तवापासून दरसाल घरटी एक टोपली टाकतो आपन."

"अन् दरसाल काढतो किती?"

पाऊस जेवढी नेतो तेवढीच आपण घालतो असं गावानं धरून चाललं होतं. पण पावसानं किती नेली हे कुणी पाहिलं नव्हतं, आणि टोपली लहान आणणं कुठल्याच घराला कमीपणाचं वाटत होतं. उलट शेजारच्यापेक्षा जरा उंच शीग लावून आणायची पद्धत पडली होती.

दीक्षा लोखंडी सळई घेऊन छपरावर गेली. मातीत सळई ठोकत गेली. वीतभर गेली, आणखी गेली आणि खाली फळीला टेकली तेव्हा तिनं ती वर काढून खुशालरावांच्या हाताशी धरली. बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत. सबंध हातभर.

खाली येऊन तिनं पांढऱ्या भिंतीवर पेन्सिलीनं गणित मांडलं. मी वरून बघत होते. मला आकडे वाचता येत नाहीत, पण आपल्याविषयी काही लिहिलं जात आहे याची गंमत वाटत होती. गणित संपल्यावर ती म्हणाली, "हिच्या पाठीवर जेवढी माती हाये ना, ती प्रणालीसारख्या जवळपास दीडशे पोरींएवढी हाये. पोरगी मधोमध लटकते, म्हनून तिचं वजन दुप्पट धरलं. उड्या मारते, म्हनून आनखी दुप्पट धरलं. तरी मातीच्या पस्तिसाव्या हिश्शात ते बसते. तुमी उगीच पोरींले नाव ठेवून राहिले."

प्रणाली भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

"पन माती तं इतके वर्षं हाये," नितेश म्हणाला.

"म्हनून तं थोडी थोडी वाकत गेली. आता पोटात खाच पडली. मृगात माती पानी पिऊन आनखी जड होईन. हे लाकूड सोसते तेवढ्याच्या पार काठावर आलं हाये, अन् तुमी मधात आनखी टोपल्या टाकाले निंघाले. माती उतरवा लागते."

आता खुशालराव बोलले. हळू बोलले. "हे माती नाई वो पोरी, हे गाव हाये. तुह्या आज्यानं भर गावासमोर चढवली. तू उतरवशीन?"

दीक्षाचा चेहरा पडला. लहानपणापासून तिनं आजोबांच्या त्या टोपलीची गोष्ट ऐकली होती. घरात ती गोष्ट दागिन्यासारखी जपलेली होती. ती म्हणाली, "आजोबा असते तं त्यायनं काय केलं असतं, मले माहीत नाई. पन हे तुळई पडली तं आजोबाची माती पोरींच्या अंगावर पडन. ते मले पाहावनार नाई."

खुशालराव म्हणाले, "तुह्या गनितानं एक सांग. माती उतरवून वीतभर ठेवली, तं तुळई किती वर येते?"

दीक्षानं पुन्हा भिंतीकडे वळून हिशेब केला. मग हातातली पेन्सिल आडवी धरली. "एवढी. या पेन्सिलीच्या जाडीएवढी."

"बस?" नितेशला हसू आलं.

"बस. जुना बाक तिच्या अंगात मुरला हाये, तो नाई जानार. जेवढं परत येईन तेवढंच सांगते मी."

"ठीक हाये," खुशालराव म्हणाले. "पेन्सिल बसली तं दोर परत लागन. नाई बसली तं दोर कायमचा बंद, अन् पुन्हा मातीचं नाव काढाचं नाई."

दुसऱ्या दिवशी मृगाआधीचा रविवार होता. दीक्षानं सेंट्रिंगचे लोखंडी जॅक आणवून माझ्याखाली उभे केले, पण मला टेकवले नाहीत. मी पडलेच तर धरायला. मधोमध एक बांबू असा कापून उभा केला की त्याचं टोक माझ्या पोटाला जेमतेम लागावं. "हा टेकू नाई, हा साक्षीदार हाये," ती प्रणालीला म्हणाली.

गाव नेहमीसारखं वाजतगाजत आलं. टोपल्या शिगोशीग भरलेल्या. खुशालरावांनी त्या तालमीपुढच्या कडुलिंबाखाली उतरवून ठेवायला सांगितल्या आणि रिकाम्या टोपल्या घेऊन माणसं वर पाठवली. काही म्हाताऱ्या पुटपुटल्या, पण वस्तादांपुढे कुणी बोललं नाही. दीक्षानं सगळ्यांना सांगितलं, मधातून सुरुवात करा. आणि ती खाली बांबूपाशी येऊन बसली.

माती उतरायला लागली. लिंबाखाली ढीग वाढत गेला. निम्मी माती उतरल्यावर दीक्षानं बांबूच्या टोकाशी पेन्सिल लावली. गेली नाही. तिनं वहीचा जाड पुठ्ठा लावला, तो कसाबसा शिरला. आणखी टोपल्या उतरल्या. पेन्सिल जाईना.

"ताई, इतकी माती गेली, तुळई हाल्ली नाई," नितेश म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता.

दीक्षा भिंतीकडे गेली. एकेक ओळ बोट ठेवून तपासली. चूक सापडेना. प्रणाली तिच्याकडे बघत होती, आणि दीक्षा तिच्याकडे बघायचं टाळत होती. मला वर आल्यासारखं का वाटत नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मित्रांनो, मी जोर करून वर आले असते असं म्हणायला मला आवडेल, पण लाकूड जोर करत नाही. पाठीवरचं गेलं तरच ते उठतं.

शेवटी दीक्षा शिडी चढून वर आली आणि जागच्या जागी थांबली. दोन्ही भिंतींकडची माती पार वीतभरावर आली होती. मधोमध, माझ्या बरोबर मध्यावर, मातीचा उंचवटा तसाच्या तसा होता. कुणी त्याला हातही लावला नव्हता. त्याच्याजवळ खुशालराव उभे होते.

"वस्ताद, भिंतीजवळचं वजन भिंतीच झेलते. तुळईले वाकवते ते मधातलं. तेच ठेवलं तुमी?"

"म्याच सांगितलं पोरांले, मधात हात लावू नका म्हनून." खुशालराव म्हणाले. "इथं माह्या बापाची टोपली हाये. तिच्या बाजूले तुह्या आज्याची. मी खाली उभा होतो तवा. कशी काढू?"

दीक्षा गुडघ्यांवर बसली. उंचवट्यातली मूठभर माती तिनं उकरून हातावर घेतली आणि त्यांच्यासमोर धरली.

"सांगा वस्ताद, यातली कोनाची कोनती?"

खुशालराव त्या मातीकडे बघत राहिले. पांढरी, बारीक, एकजीव. ज्या वर्षी ती टोपली आली त्या वर्षीही कुणाला वेगळी ओळखता आली नसती. मग तेही खाली बसले. नितेशनं फावडं पुढे केलं तेव्हा म्हणाले, "फावडं नको. हातानं." दोघांनी मिळून हातानं टोपली भरली आणि एक कान त्यांनी, एक कान तिनं धरून ती शिडीपर्यंत नेली. मग एकेक करून घराघरातली माणसं वर आली आणि मधली माती उतरायला लागली.

आणि माझं पोट सैल झालं. मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कुणीतरी दोन्ही टोकांची पकड सोडत आहे असं वाटलं. पाठीवरची दाटी पांगली. मी उठले. फार नाही, अगदी थोडी.

"गेली! ताई, गेली!" खालून प्रणाली ओरडली. पेन्सिल बांबूच्या टोकावरून आरपार सरकली होती.

खुशालराव लगबगीनं खाली आले. पेन्सिल बाहेर काढून त्यांनी स्वतः पुन्हा सरकवून पाहिली. मग खुंटीवरचा दोर काढला आणि प्रणालीच्या हातात दिला.

दोर मात्र लगेच चढला नाही. आधी दीक्षानं माझ्या पोटाला, खाच झाकून, लोखंडी पट्टी ठोकून घेतली. ताण जिथे येतो तिथेच आधार हवा, असं तिनं सगळ्यांना समजावलं. मग प्रणाली वर आली आणि तिनं मला टिचकी मारली. हे तिला कुणी शिकवलं, मला ठाऊक नाही. उतरलेल्या मातीचा लिंबाखाली मोठा ओटा झाला आहे. तिथे बसून आता गाव मुलींचा सराव बघतं. बुधाजींची आणि जुन्या वस्तादांची माती त्यातच कुठेतरी आहे, आणि तिच्यावर पोरंसोरं बसून शेंगा खातात.

मी सरळ झालेले नाही. जुना बाक माझ्या अंगात मुरला आहे, तो राहणार. त्याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? थोडं आधी कुणी मान वर केली असती तर तो इतका मुरला नसता. म्हणून तुम्हाला एकच विनवणी करते. तुमच्याही घरावर, शाळेवर, पुलाखाली माझ्यासारखी कुणीतरी आडवी पडलेली असेल. तिच्यावर प्रेमानं ठेवलेलंही वजनच असतं. तिच्या पोटाला खाच पाडू नका, आणि ती वाकलेली दिसली तर शेवटी दोरावर कोण चढलं होतं तेवढंच विचारू नका. वर किती साचलं आहे तेही बघा, आणि मोजा.

मृगाआधीच्या रविवारी टोपल्या अजूनही वाजतगाजत येतात. आता प्रत्येक घर आधी एक टोपली जुनी माती उतरवतं आणि मग आपली नवी चढवतं. तो बांबू दीक्षानं टाकू दिलेला नाही; पट्टीच्या जाडीएवढा तासून जपून ठेवला आहे. त्या दिवशी तो पुन्हा मधोमध उभा करतात, सगळं गाव खाली थांबतं, प्रणाली पुढे होते आणि ती पेन्सिल माझ्या पोटाखालून सरकवून बघते. ती आरपार गेली, की मगच पहिली टोपली शिडी चढते.